बॉयलर आधी, मोळी नंतर

दसरा जवळ आला की आपल्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. अमुक सहकारी साखर कारखान्याचे बॉयलर अग्निप्रदीपन मान्यवरांच्या हस्ते संपन्न. पुढे काही दिवसांनी दुसरी बातमी येते. गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ. या दोन बातम्या उलट्या क्रमाने छापून आलेल्या कुणी वाचल्या नसतील. प्रवरेच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ सालचा. तेव्हापासून कारखाने मोठे झाले, यंत्रे बदलली, कारखाने वीजही विकू लागले. पण आधी बॉयलर आणि मग मोळी, हा क्रम काही बदलला नाही.

कारण उघड आहे. उसातून निघालेला रस कुणासाठी थांबत नाही. तो तापवायला, स्वच्छ करायला, आटवायला वाफ हवी. वाफ नसताना गव्हाण चालू केली तर रस टाकीत पडून आंबून जाईल. आणि बॉयलर पेटला म्हणजे लगेच वाफ मिळाली असेही नाही. तो हळूहळू तापवावा लागतो, नाहीतर आतले बांधकाम तडकते. दाब पुरेसा चढला, हे काटा पाहून ठरवावे लागते. ‘बॉयलर पेटला’ आणि ‘वाफ तयार आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य एवढे लक्षात ठेवा. आज मी जे सांगणार आहे त्याचा सगळा भार या एका वाक्यावर आहे.

विषय आहे संगणकाचा. त्यातही, संगणक चालू करताना पहिल्या मिनिट-दीड मिनिटात आत काय घडते त्याचा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, लहानमोठ्या संस्थांचे संगणक बसवून देणे आणि बिघडले तर दुरुस्त करणे हे माझे काम. या कामात एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता पाठ झाली आहे. ‘‘लाइट जाऊन आली की चालत नाही. बंद करून परत चालू केला की चालतो. तुम्ही आलात की तर चालतोच.’’ ही तक्रार करणाऱ्या माणसाला लोक हसतात. पण तो खरे बोलत असतो. त्याच्या यंत्रात वस्तू बिघडलेली नसते, क्रम बिघडलेला असतो.

आधी थोडी ओळख करून घेऊ. संगणकाचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या मूळ प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. घरातल्या संगणकावर बहुधा विंडोज असते. लिनक्स ही तशीच दुसरी प्रणाली. फिनलंडमधल्या हेलसिंकी इथे शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. ती फुकट मिळते, कमी ताकदीच्या यंत्रावर चालते आणि हवी तशी बदलता येते. म्हणून मोठमोठ्या सर्व्हरपासून हातातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत तिचा गाभा पसरला आहे. पत्त्यांच्या कॅटएवढ्या छोट्या संगणकांवरही तीच चालते. हे छोटे संगणक २०१२ नंतर स्वस्तात मिळू लागले आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कामांना जुंपले गेले.

असा संगणक चालू केला की काय होते? प्रथम त्याच्या चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो डिस्कवरून लिनक्सचा गाभा उचलून आणतो. गाभा स्मृती, पडदा, कळफलक, डिस्क यांची ओळख करून घेतो आणि शेवटी पहिला खरा प्रोग्रॅम चालू करून त्याच्या हाती सूत्रे देतो. या प्रोग्रॅमचा क्रमांक नेहमी एक असतो. यापुढचे सगळे कामगार कामाला लावायचे ते याने. त्याला आपण मुकादम म्हणू.

हा मुकादम ज्यांना कामाला लावतो त्यांना ‘सेवा’ म्हणतात. पडद्यावर न दिसता मागे चालत राहणारे हे प्रोग्रॅम. एक सेवा नेटवर्क जोडते, एक घड्याळ बरोबर ठेवते, एक सगळ्या घडामोडींची नोंदवही लिहिते, एक छपाई सांभाळते, एक माहितीचा साठा म्हणजे डेटाबेस सांभाळते. साध्या संगणकावरही अशा कित्येक सेवा असतात आणि त्या एकमेकींवर अवलंबून असतात. डेटाबेसला डिस्क हवी. घड्याळाला नेटवर्क हवे. हिशेबाच्या प्रोग्रॅमला डेटाबेसही हवा आणि घड्याळही. कुणी कुणाच्या आधी उठायचे, हाच आजचा प्रश्न.

जुन्या पद्धतीत याचे उत्तर सोपे होते. युनिक्स या जुन्या प्रणालीतून लिनक्सने ते जसेच्या तसे घेतले होते. प्रत्येक सेवेला एक क्रमांक द्यायचा आणि मुकादमाने चढत्या क्रमाने हाका मारायच्या. रेड हॅट कंपनीच्या त्या काळच्या लिनक्सवर नेटवर्कचा क्रमांक १० असे, नोंदवहीचा १२ आणि ठरल्या वेळी ठरलेली कामे करणाऱ्या ‘क्रॉन’ सेवेचा ९०. दहाचे काम संपल्याशिवाय बाराला हाक नाही. शाळेच्या हजेरीसारखे सरळ काम. तोटा एवढाच की, एखादा गडी रेंगाळला तर त्याच्या मागचे सगळे ताटकळत. नेटवर्कची केबल निघालेली असली की संगणक मिनिटभर नुसता बसून राही, हे ज्यांनी २००० च्या दशकात लिनक्स वापरले त्यांना आठवेल.

हा वेळ वाचवण्यासाठी प्रयत्न सुरू झाले. २००६ मध्ये उबंटू या लिनक्समध्ये ‘अपस्टार्ट’ नावाचा नवा मुकादम आला. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ‘सिस्टिमडी’ पुढे आणला. २०११ मध्ये फेडोराने तो घेतला, २०१४ मध्ये रेड हॅटच्या व्यापारी आवृत्तीने आणि २०१५ मध्ये डेबियन आणि उबंटूने. त्यावरून भांडणेही झाली. डेबियनमधून काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी सिस्टिमडी नसलेले ‘देवुआन’ हे वेगळे लिनक्स काढले. तरीही आज बहुतेक प्रमुख लिनक्सवर सिस्टिमडीच मुकादम आहे.

या नव्या मुकादमाची रीत अशी की, ज्यांना थांबायला सांगितलेले नाही त्या सगळ्यांना एकदम हाक मारायची. रांग नाही, हजेरी नाही. ज्याला कुणाची वाट पाहायची असेल त्याने ते आपल्या चिठ्ठीत लिहून द्यायचे. लिहिले नसेल तर तो मोकळा. यामुळे संगणक भराभर उठू लागले. पण जुन्या रांगेत कितीतरी गोष्टी न सांगता सांभाळल्या जात होत्या. आपला क्रमांक मागचा आहे म्हणजे आपल्याआधी डिस्क जागी झालेली असणार, असे गृहीत धरून लोकांनी प्रोग्रॅम लिहिले होते. रांग मोडल्यावर ही गृहीतके उघडी पडली.

याचा अर्थ काय होतो ते मी एका दूध संकलन केंद्रावर पाहिले. गाव संगमनेर तालुक्यातले. केंद्रावर छोटा लिनक्स संगणक, त्याला जोडलेला वजनकाटा, फॅट मशीन आणि पावतीचा प्रिंटर. सभासदाने किटली ओतली की वजन, फॅट आणि एसएनएफ आपोआप नोंदले जाई आणि भावासह पावती हातात पडे. संगणकाचे स्वतःचे मेमरी कार्ड सारख्या लिहिण्याने लवकर खराब होते, म्हणून हिशेबाचा साठा बाहेरून जोडलेल्या डिस्कवर ठेवलेला होता. हे योग्यच होते.

एके दिवशी संध्याकाळी केंद्राच्या सचिवांचा फोन आला. ‘‘सर, पावत्या लोकांच्या हातात आहेत आन् दूध मशिनीत नाही.’’ सकाळी साठ-पासष्ट सभासदांनी दूध घातले होते. सगळ्यांना पावत्या मिळाल्या होत्या. दुपारी वीज गेली, आली. संध्याकाळी पाहतात तर आदल्या दिवसापर्यंतचा हिशेब जागेवर आणि आजची सकाळ मात्र कोरी. तो दिवस दहा दिवसांच्या हिशेबाचा शेवटचा. दुसऱ्या दिवशी दुधाचा पगार काढायचा. गावात कुजबुज सुरू झाली होती. दूध धंद्यात शेतकऱ्याचा काट्यावरचा आणि फॅटवरचा विश्वास हीच मूळ पुंजी असते. ज्यांनी पावत्या चुलीत घातल्या त्यांच्या दुधाचे काय, हा प्रश्न सचिवांनी मला विचारला तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

आत जाऊन पाहिले तेव्हा प्रकार उलगडला. पहाटेही वीज गेली होती. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहतात. म्हणून पुढच्या वेळी लिनक्स ती डिस्क तपासून मगच जोडून घेते. त्या दिवशी या तपासणीला दोन मिनिटे लागली. पूर्वी कुणीतरी सोय म्हणून एक सूचना लिहून ठेवली होती: डिस्क मिळाली नाही तरी संगणक अडवू नकोस, पुढे जा. हेतू चांगला होता. डिस्कची वायर ढिली झाली तर केंद्र बंद पडू नये. पण या सूचनेचा दुसरा अर्थ मुकादमाने असा घेतला, आणि नियमाप्रमाणे तो बरोबरच होता, की या डिस्कसाठी कुणीही थांबायचे नाही.

लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बसवली जाते. फडताळाच्या रिकाम्या कप्प्यात आपण भरलेला डबा ठेवतो तसे. डबा ठेवेपर्यंत कप्पा रिकामा असतो, पण कप्पा असतोच. दूध नोंदवणारी सेवा डिस्कच्या आधी उठली. तिने कप्पा उघडला. आत काही नाही. तिला वाटले, नवे केंद्र दिसते. तिने कोरी वही तयार केली आणि कामाला लागली. दोन मिनिटांनी डिस्क येऊन त्याच कप्प्यात बसली आणि ती कोरी वही तिच्या मागे झाकली गेली. सेवेने मात्र ती वही हातात धरलेलीच होती, त्यामुळे सकाळचे सगळे दूध तीत व्यवस्थित उतरत गेले. दुपारी वीज गेल्यावर हातातली वही सुटली. वीज आल्यावर डिस्क झटपट जागी झाली, सेवेला तीच सापडली आणि सकाळ नाहीशी झाली.

डिस्क काढून बाजूला ठेवली तर मागे ती वही जशीच्या तशी होती. नोंदी हिशेबात मिळवल्या, पावत्यांशी ताडून पाहिल्या, पगार वेळेवर झाला. त्या दिवशी दूध हरवले नव्हते. पण वही सापडली नसती तर सचिवाने दूध खाल्ले, असेच गावाने म्हटले असते. त्या यंत्राने एकही चूक दाखवली नव्हती. तांबडा दिवा लागला नव्हता, पावती थांबली नव्हती. सगळे ‘चालू’ होते.

आता याला उपाय काय? इथे दोन सूचनांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण सिस्टिमडीवर काम करणारे चांगले जाणकारही त्यात अडखळतात. पहिली सूचना क्रमाची: ‘बॉयलरनंतर मोळी.’ दुसरी सूचना गरजेची: ‘बॉयलर नसेल तर मोळी नाही.’ ऐकायला सारख्या वाटतात, पण नुसती पहिली दिली आणि त्या दिवशी बॉयलर पेटलाच नाही, तर मुकादम म्हणतो, बॉयलरचा प्रयत्न होऊन गेला, आता मोळीची पाळी. आणि मोळी पडते. उलट, नुसती दुसरी दिली तर तो बॉयलर आणि गव्हाण दोन्हींना एकाच क्षणी हाक मारतो. बॉयलरला बोलावले आहे ना, मग गरज भागली. क्रम कुणी सांगितला होता? म्हणजे दोन्ही सूचना लिहाव्या लागतात. त्या केंद्रावर आम्ही तेच केले. दूध नोंदवणाऱ्या सेवेच्या चिठ्ठीत लिहिले की, हिला ही डिस्क लागते. डिस्क जागेवर बसल्यावरच हिला उठवा आणि बसली नाही तर उठवू नका. सिस्टिमडीत या दोन्ही गोष्टी एका ओळीत सांगण्याची सोय आहे.

सचिवांनी यावर बरोबर शंका काढली. ‘‘म्हणजे डिस्क नाही आली तर दूध घ्यायचंच नाही का?’’ यंत्राने घ्यायचे नाही, माणसाने घ्यायचे. यंत्र बंद दिसले की माणूस वही काढतो, पेन काढतो आणि लिहितो. बंद पडलेले यंत्र माणसाला कळते. खोटे चालणारे यंत्र कळत नाही. म्हणून अशा ठिकाणी यंत्राला थांबायला शिकवणे हे त्याला पळायला शिकवण्याइतकेच महत्त्वाचे असते.

मग ‘तुम्ही आलात की चालतो’ यामागचे कारण काय? ही खरे तर शर्यत असते. डिस्क आणि सेवा दोघी एकदम सुटतात. डिस्क नवी, तपासणी नाही, तर तीच जिंकते आणि सगळे ठीक चालते. शंभरातल्या नव्वद वेळा असेच होते. डिस्क जुनी झाली, माहिती वाढली, वीज वाईट वेळी गेली की एखाद्या दिवशी सेवा जिंकते. मी पोचतो तोवर वीज येऊन तास उलटलेला असतो, डिस्क तपासून झालेली असते आणि पुन्हा चालू केल्यावर सगळे सुरळीत दिसते. म्हणून ‘परत चालू केला की चालतो’ हे दुरुस्तीचे नव्हे, क्रम चुकल्याचे लक्षण समजावे.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. बॉयलर पेटणे वेगळे आणि वाफ तयार होणे वेगळे. क्रम आणि गरज दोन्ही बरोबर लिहूनही काम फसते ते इथे. मुकादमाला ‘अमक्यानंतर’ म्हणून सांगितले, पण अमका तयार झाला हे त्याने ओळखायचे कसे? साध्या सेवेच्या बाबतीत तो एवढेच पाहतो की तिला उठवले. ती उठून डोळे चोळते आहे की कामाला लागली आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून नीट लिहिलेली सेवा तयार झाल्यावर मुकादमाला तसा निरोप पाठवते आणि तो निरोप येईपर्यंत पुढच्यांना थोपवून धरले जाते. बॉयलरवरच्या माणसाने काटा पाहून ‘दाब आला’ म्हणून सांगावे तसे.

नेटवर्कच्या बाबतीत हा घोटाळा सर्रास होतो. सिस्टिमडीत ‘नेटवर्क’ नावाचा एक टप्पा आहे. त्याच्यानंतर आपली सेवा उठवा म्हणून लोक लिहितात आणि निर्धास्त होतात. पण त्या टप्प्याचा अर्थ, नेटवर्क सांभाळणारा गडी कामावर आला, एवढाच. जोडणी झाली, पत्ता मिळाला, बाहेरचे जग दिसू लागले, असा नव्हे. त्यासाठी ‘नेटवर्क ऑनलाइन’ असा वेगळा टप्पा आहे. आणि खेड्यात, जिथे नेट मोबाइलच्या डोंगलवरून येते आणि रेंज मिळायला कधी अर्धा मिनिट तर कधी पाच मिनिटे लागतात, तिथे या दोन टप्प्यांमध्ये बरेच अंतर असते.

त्याच केंद्रावर काही महिन्यांनी याचाही अनुभव आला. त्या छोट्या संगणकांत बरीच वर्षे घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसे. २०२३ मध्ये आलेल्या एका नव्या मॉडेलमध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी विकत घेऊन जोडावी लागते. वीज गेली की घड्याळ थांबते. वीज आली की शेवटी लिहून ठेवलेली वेळ धरून ते पुढे चालू लागते आणि नेट मिळाल्यावर खरी वेळ विचारून घेते. मधल्या काळात संगणक मागच्याच दिवसात वावरतो. सकाळी सहाला आलेल्या सभासदांना आदल्या संध्याकाळच्या पावत्या मिळाल्या आणि ज्यांनी आदल्या संध्याकाळी दूध घातले होते त्यांना यंत्राने सांगितले, तुमचे दूध आधीच घेतले आहे. इथेही सिस्टिमडीत ‘वेळ जुळली’ असा टप्पा ठेवलेला आहे. हिशेबाच्या सेवेने त्याची वाट पाहावी. मात्र खरी वेळ मिळेपर्यंत थांबून राहणारी एक छोटी सेवा सोबत चालू करावी लागते, नाहीतर तो टप्पाही नावापुरताच राहतो. आम्ही शेवटी काही शे रुपयांचे बॅटरीचे घड्याळ संगणकाला जोडले. नेट नसेल त्या दिवशीही यंत्राला तारीख कळते.

हे वाचून तुमच्या मनात आले असेल की, मग प्रत्येक सेवेला अर्धा मिनिट थांबायला सांगितले तर भागणार नाही का? पुष्कळ जण हाच उपाय करतात. चिठ्ठीत लिहितात, उठल्यावर आधी तीस सेकंद झोप, मग कामाला लाग. काही दिवस ते चालते. मग ज्या दिवशी डिस्कला दोन मिनिटे लागतात त्या दिवशी फसते. आणि बाकीच्या दिवशी तीस सेकंद फुकट जातात. घड्याळ पाहून वाफेचा दाब ठरवता येत नाही, काटाच पाहावा लागतो. दुसरा उपाय, पडली तर पुन्हा उठवा, हा त्यापेक्षा बरा. पण त्यालाही मर्यादा आहे. सिस्टिमडी सहसा दहा सेकंदांत पाच वेळा उठवून पाहतो आणि मग नाद सोडतो. नेट यायला तीन मिनिटे लागणार असतील तर हे पाचही प्रयत्न डोळ्याचे पाते लवायच्या आत संपून जातात. म्हणून दोन प्रयत्नांमध्ये किती अंतर ठेवायचे, तेही सांगावे लागते.

एक वेगळी युक्ती मात्र खरोखर सुंदर आहे. ॲपलच्या संगणकांत ती २००५ मध्ये आली आणि सिस्टिमडीने ती उचलली. पहाटे दूध केंद्र उघडायच्या आधी लोक आपली किटली रांगेत ठेवून जातात. केंद्र उघडले की किटल्या क्रमाने आत जातात. माणसाला ताटकळावे लागत नाही, नंबरही जात नाही. सिस्टिमडी काही सेवांच्या बाबतीत तसेच करतो. सेवा उठायच्या आधीच तिच्या दाराशी निरोप ठेवायची जागा उघडून ठेवतो. बाकीचे प्रोग्रॅम आपापले निरोप तिथे ठेवतात. सेवा उठली की एकेक उचलते. क्रम लिहायची गरजच उरत नाही. पण सेवा त्या पद्धतीने लिहिलेली असावी लागते आणि रिकाम्या कप्प्यासारख्या अडचणीवर याचा उपयोग नाही.

शेवटचा गुंता चक्राचा. पहिली दुसरीसाठी थांबली, दुसरी तिसरीसाठी आणि तिसरी पहिलीसाठी. मग उठायचे कुणी? अशा वेळी सिस्टिमडी त्यातल्या एकीला सरळ वगळतो, चक्र तोडतो आणि नोंदवहीत तसे लिहून पुढे जातो. कुणाला वगळेल ते तुम्ही ठरवलेले नसते. कदाचित नेमकी तुमच्या गरजेची सेवाच वगळली जाते. आपले कारखाने मात्र असे चक्र दर हंगामात शहाणपणाने तोडतात. ऊस गाळायला वाफ लागते, वाफेसाठी बगॅस जाळावा लागतो आणि बगॅस मिळतो ऊस गाळल्यावर. म्हणून मागच्या हंगामातला बगॅस राखून ठेवलेला असतो. चक्राबाहेरून आलेली एक गोष्ट लागते. संगणकातही तसेच. घड्याळाला नेट हवे आणि नेटवरच्या सुरक्षित जोडणीला बरोबर घड्याळ हवे, कारण प्रमाणपत्राची मुदत तारखेवरून तपासली जाते, असा पेच पडतो तेव्हा ते बॅटरीचे छोटे घड्याळ राखून ठेवलेल्या बगॅसचे काम करते.

तुम्ही संगणक दुरुस्त करणारे नसाल. पण दूध संस्थेचे सभासद असाल, पतसंस्थेचे संचालक असाल, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकाचे बिल मंजूर करणारे असाल. ग्रामीण महाराष्ट्राने २००५ नंतरची काही वर्षे लांबलचक भारनियमनात काढली. ती स्थिती आज नाही, पण वीज अचानक जाते आणि येते, हे काही थांबलेले नाही. म्हणून यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्या. पहिली, काम चालू असताना प्लग काढून दाखवायला सांगा आणि परत लावल्यावर कुणी हात न लावता सगळे नीट उठते का, ते पाहा. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. दुसरी, नेट बंद ठेवून आणि बाहेरची डिस्क काढून तेच करायला लावा. अशा वेळी यंत्राने स्पष्टपणे ‘मी काम करू शकत नाही’ असे म्हटले पाहिजे. तिसरी, उठताना काय घडले याची नोंद कुठे पाहायची ते एका कागदावर लिहून घ्या. लिनक्स प्रत्येक वेळी ही नोंद ठेवते. कोण कुणासाठी किती थांबले, कोण पडले, कुणाला वगळले, ते सगळे तिच्यात असते. बहुतेक ठिकाणी ती कुणी उघडून पाहिलेली नसते, एवढेच.

यूपीएस घ्याच. त्याने वीज जाण्याचे प्रसंग कमी होतात. पण त्याची बॅटरीही एक दिवस म्हातारी होते आणि त्या दिवशी पुन्हा तीच शर्यत लागते. त्या केंद्रावर आता सचिवांनी भिंतीवर खिळ्याला एक वही अडकवली आहे. महिन्यातून एखाद्या सकाळी यंत्र डिस्कची वाट पाहत थांबते, तेव्हा त्या वहीत आठ-दहा नावे चढतात आणि यंत्र उठले की तीच नावे त्यात घातली जातात. वेळ थोडा जातो. पगाराच्या दिवशी मात्र कुणी पावत्या घेऊन भांडायला येत नाही.